पेडल बदलण्याआधी वायर तपासा

संपादक महोदय,

भोसरी-चाकण पट्ट्यात मी 18 वर्षे फोर्कलिफ्ट दुरुस्त करतोय. गेल्या पावसाळ्यात एका गोदामातून फोन आला. बॅटरीवरची गाडी, माल उचललेला असताना मध्येच ड्राइव्ह सोडायची, म्हणजे चाकांची ओढ बंद व्हायची. डिस्प्लेवर अ‍ॅक्सिलरेटरचा फॉल्ट. दोन पेडल बदलून झाली होती, तिसरे मागवायच्या बेतात होते.

पुढची चाके उचलून चेसिसखाली लाकडी ठोकळे दिले आणि चावी फिरवली. पेडलच्या सेन्सरला 5 व्होल्ट येत होते. पेडल हळूहळू दाबले, सिग्नल एकसारखा चढला. म्हणजे पेडल ठीक, म्हणून बरेच जण इथेच थांबतात आणि मोटर चालवणारा ‘कंट्रोलर गेला’ म्हणतात. मी ऑपरेटरला पेडल अर्ध्यावर धरायला सांगून फ्लोअर प्लेटखालची हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, हलवली. मीटरचा आकडा थेट 5 व्होल्टकडे धावला. ग्राउंडची वायर प्लेटच्या कडेला घासून आतून तुटली होती. पोटेन्शिओमीटरच्या (दाबाप्रमाणे व्होल्टेज बदलणाऱ्या सेन्सरच्या) पेडलमध्ये ग्राउंड सुटला की सिग्नल सप्लायएवढा होतो, म्हणून कंट्रोलर फॉल्ट धरून ड्राइव्ह तोडत होता. वीतभर वायर, सोल्डर आणि स्लीव्ह, एवढ्यावर गाडी पुन्हा चालू झाली.

सेन्सरच्या आतला ट्रॅक, म्हणजे सरकता संपर्क घासतो ती पट्टी, झिजलेला असेल तर मात्र पेडलच बदलावे लागते. तो ओळखायला मी अजून काट्याचा जुना मीटर वापरतो. झिजल्या जागी काटा क्षणभर दचकतो, डिजिटलवर ते निसटते.

मला खरी काळजी वेगळीच आहे. दुसऱ्या एका ठिकाणी फॉल्ट येऊ नये म्हणून पेडलचा मायक्रोस्विच (छोटा स्विच) वायरचा जोड मारून चक्क शॉर्ट केलेला सापडला. पाय खरोखर पेडलवर आहे, हे कंट्रोलरला तोच स्विच सांगतो. तो शॉर्ट असताना सेन्सर बिघडला, तर पाय नसतानाही गाडी पुढे सरकू शकते. आणि त्याच गल्लीत दोन मुले वाकून पॅलेटला फिल्म गुंडाळत होती. मी जोड काढला. डिस्पॅच अडला म्हणून सुपरवायझर चिडले. तरी गाडी मी तशी सोडली नाही.

कारखानदारांना विनंती आहे: फॉल्ट आला की मेकॅनिकला अर्धा तास गाडी उभी द्या, त्याला जोड मारायला सांगू नका. आणि आयटीआयच्या शिक्षकांनी मुलांना हार्नेस हलवत मीटर वाचायला शिकवावे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना डिस्प्लेवरचा फॉल्ट कोड वाचता येतो, त्यापुढे काय तपासायचे ते मला पहिल्यापासून सांगावे लागते.

— एक फोर्कलिफ्ट मेकॅनिक, भोसरी