भातुकली लिहून देणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

लेक दोन वर्षांचा झाला तरी ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘दे’च्या पुढे जाईना, म्हणून आम्ही तुमच्याकडे, म्हणजे स्पीच थेरपिस्टकडे (मुलांना बोलायला मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे) आलो. या वयात मुलं दोन-दोन शब्द जोडायला लागतात. “मुलगे उशिराच बोलतात” हे तोवर दहा तोंडांनी ऐकून झालं होतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत आणि घाबरवलंही नाहीत. आधी कानांची तपासणी करून घ्यायला लावलीत. ऐकू नीट येतंय हे कळल्यावर म्हणालात, “आता घरातली खेळणी पिशवीत भरून आणा.”

पिशवीतून निघाला इंग्रजीत एबीसीडी म्हणणारा खोटा लॅपटॉप, गाणारा हत्ती आणि सायरन वाजवणारा ट्रक. सगळं वाढदिवसाला प्रेमानं आलेलं, आणि तुम्ही कशालाच नावं ठेवली नाहीत. फक्त विचारलंत, “हत्ती गातो तेव्हा घरात कोण बोलतं?” कोणीच नाही. मग तुम्ही 2016 साली ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. 10 ते 16 महिन्यांची 26 बाळं आपापल्या आईबाबांबरोबर घरीच खेळली. बॅटरीवरची बोलकी खेळणी हातात असली की मोठी माणसं कमी बोलायची आणि बाळांचे हुंकारही कमी व्हायचे. मोठ्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त शब्द निघाले ते पुस्तकांपाशी. खेळणंच बोलायला लागलं तर बाकीच्यांना बोलायला जागा कुठे उरणार!

तुम्ही कागदावर लिहून दिलंत: भातुकली, सावंतवाडीची लाकडी फळं, चेंडू, कापडी बाहुली, जाड पानांची चित्रांची पुस्तकं. “मुलाला भातुकली?” असं कोणीतरी विचारलंच. त्यावर तुमचं उत्तर होतं, “चहा सगळेच पितात ना?” सासूबाई स्वतः तुळशीबागेत जाऊन स्टीलची भातुकली घेऊन आल्या. तीन वर्षांच्या आतलं मूल सगळं तोंडात घालतं, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्यातले चिमुकले चमचे आणि झाकणं आधीच काढून ठेवली.

पण मला आभार मानायचेत ते त्या दुपारचे. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात, कप त्याच्यापुढे ठेवलात, किटली वाकडी केलीत आणि तशीच धरून ठेवलीत. मी “बोल ना, चहा!” म्हणणार, तोच तुम्ही हातानं थांबवलंत. त्यानं किटलीकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, पुन्हा किटलीकडे. किती वेळ गेला कोण जाणे. मग म्हणाला, “च्या.” तुम्ही टाळ्या पिटल्या नाहीत, ‘च्या नाही, चहा’ असंही केलं नाहीत. “च्या! गरम च्या!” म्हणून ओतलात. त्यानं लगेच कपावर फुंकर मारली.

त्याचा एक शब्द आला की आपण त्यात एक जोडून परत द्यायचा, आणि त्याआधी थांबायचं. हे थांबणं मला कोणत्याही पुस्तकातून जमलं नसतं. आता आमच्याकडे लाकडी आंबा, केळं, वांगं विकायला येतं, भाव होतो, घासाघीस होते. ट्रकचे सेल तुमच्या सांगण्यावरून काढले, तर “घुर्रर्र” आता तोच करतो आणि दारापाशी आला की “बाजू!” म्हणून ओरडतो. परवा आजीला म्हणाला, “आजी, गरम च्या घे.” चार शब्द, ताई! सासूबाईंनी रिकामा कप तीनदा प्यायला.

अजून ‘काका’चं ‘ताता’ होतं. या वयात ते चालतं, असं तुम्ही म्हणाला आहात, म्हणून मी टोकत नाही. पुढच्या वेळी सासूबाईही सोबत येणार आहेत. तुमच्याकडच्या भातुकलीतल्या किटलीचा कान तुटलाय हे त्यांनी माझ्याकडून ऐकलं, आणि तुळशीबागेतून तुमच्यासाठी नवी किटली घेऊन ठेवली आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
एका बोलक्या मुलाची आई