स्क्रीनवरची फरशी आणि तीन मिलिमीटरचा जॉइंट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खोलीचा फोटो टाकला की त्यात हवी ती फरशी बसवून दाखवणाऱ्या ॲपचं आपल्या पुरवणीत बरंच कौतुक वाचलं. कौतुकाला माझी ना नाही, मी स्वतः टाइल आणि लॅमिनेटच्या कॅटलॉगसाठी असलीच थ्रीडी चित्रं बनवतो, पोट त्यावरच आहे. पण स्क्रीनवर दिसेल तेच जमिनीवर बसेल असा जो एकंदर सूर होता तो काही पटला नाही. हे पॅटर्न आता कोणी हाताने मांडत नाही, प्रोग्रामला टाइलची साइझ द्यायची, पॅटर्न निवडायचा, बटण दाबायचं, झालं. आणि प्रोग्राम बनवणाऱ्याने कधी फरशी बसताना बघितलेली नसते, घोळ तिथेच सुरू होतो.

साधा जॉइंट, म्हणजे दोन टाइलमधली फट, घ्या. ६० बाय ६० ची मोठी टाइल आणि ३० बाय ३० ची छोटी असा मिक्स पॅटर्न स्क्रीनवर फार छान दिसतो, दोन छोट्या मिळून एक मोठी, हिशोब चोख. पण मध्ये तीन मिलिमीटरचं ग्राउट (फटीत भरतात तो मसाला) धरलं की दोन छोट्या मिळून ६० सेंटीमीटर तीन मिलिमीटर होतात आणि शेजारची मोठी ६० च राहते. आता हे तीन मिलिमीटर घालायचे कुठे? म्हणून अशा पॅटर्नसाठी जॉइंट धरून मापं काढलेल्या टाइल वेगळ्या मिळतात. बास्केटवीव्हला, म्हणजे टोपलीच्या विणीसारख्या आडव्या-उभ्या जोड्यांच्या पॅटर्नला, हाच त्रास, दोन रुंद्या अधिक जॉइंट बरोबर एक लांबी असं जमलं तरच तो बसतो. हेरिंगबोनला, म्हणजे काटकोनात नागमोडी लावलेल्या पट्ट्यांच्या पॅटर्नला, मात्र हे बंधन नाही, तो कुठल्याही लांबी-रुंदीत बसतो. प्रोग्राम बऱ्याचदा जॉइंट शून्य धरून टाइल चिकटवतो आणि वरून एक बारीक करडी रेघ ओढतो, बघणाऱ्याला वाटतं ग्राउट आहे, प्रत्यक्षात ते नुसतं पेंटिंग असतं.

दुसरं, रँडम. लाकडी पट्ट्यांचा पॅटर्न म्हटलं की सगळे प्रोग्रामवाले 'रँडम ऑफसेट', म्हणजे प्रत्येक ओळ वाटेल तेवढी सरकवणं, टाकून मोकळे होतात. खरा रँडम आकडा लावला ना, तर दोन शेजारच्या ओळींचे जॉइंट कधी एकमेकांपासून चार सेंटीमीटरवर येणार, कधी एक ओळ सोडून बरोब्बर समोरासमोर येणार आणि इंग्रजी एच सारखा आकार दिसणार. काम करणारा माणूस असं होऊच देत नाही, तो साधारण वीत-दीड वीत तरी अंतर ठेवतो. शिवाय त्याचे जॉइंट आकाशातून पडत नाहीत, आधीच्या ओळीत जो तुकडा कापून उरला तोच तो पुढच्या ओळीच्या सुरुवातीला लावतो. समजा खोली साडेचार मीटर आणि पट्टी १२० सेंटीमीटरची, भिंतीलगतची फट आपण सोडून देऊ. पहिल्या ओळीत तीन अख्ख्या पट्ट्या आणि ९० चा तुकडा, उरले ३०. ते ३० पुढच्या ओळीत आधी लावले, मग तीन पट्ट्या, मग ६० चा तुकडा, उरले ६०. तिसरी ओळ ६० ने सुरू, चौथी ९० ने. बघा, दर ओळीला जॉइंट ३० नेच सरकतोय, म्हणजे जिना तयार झाला. चांगला कारागीर हे दोन ओळींतच ओळखतो आणि एखादी पट्टी मुद्दाम वेगळी कापून तो जिना मोडतो. म्हणजे जमिनीवरचा पॅटर्न खोलीच्या लांबीवर ठरतो, आणि आमच्या बऱ्याच प्रोग्रामांना खोलीची लांबी माहीतच नसते!

टाइलमध्ये उलटा प्रकार, तिथे वीटबांधणीसारखा अर्ध्यावर सरकवलेला पॅटर्न बटणावर तयारच असतो. लांब टाइल भट्टीत किंचित कमानीसारखी वाकते, मधला भाग वर, टोकं खाली. अर्ध्यावर सरकवली की एकीचं टोक दुसरीच्या उंच पोटाजवळ येतं आणि पायाला कड लागते. म्हणूनच अमेरिकेच्या ॲन्सी या राष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकात ३८० मिलिमीटरपेक्षा लांब टाइलला, कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर, लांबीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त सरकवू नये असं आहे. स्क्रीनवर सगळं सपाटच असतं, तिथे कड कुणाच्या पायाला लागणार.

आणि ती एकच गाठ! पट्टीवरची लाकडाची काळी गाठ दर सव्वा मीटरवर तशीच्या तशी, एकदा दिसली की नजर हटत नाही. डिझाइनचा एकच तुकडा स्कॅन करून तोच शेजारीशेजारी छापला की असं होतं. यावर उपाय आहेत बरं का. प्रत्येक पट्टीसाठी मोठ्या स्कॅनमधला वेगळा भाग उचलायचा, काही १८० अंशात फिरवायच्या, रंग अगदी थोडा हलवायचा. गणितवाल्यांनीही मदत केलीय, हाओ वांग या तर्कशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये कडांना रंग असलेल्या चौकोनांचं कोडं मांडलं होतं, नुसत्या तर्कशास्त्रासाठी, आणि २००३ मध्ये ग्राफिक्सवाल्यांनी तेच चौकोन वापरून थोड्याशा तुकड्यांतून पुनरावृत्ती सहज न जाणवणारं मोठं टेक्श्चर (पृष्ठभागाचं चित्र) बनवून दाखवलं. पण इथेही गोम आहे. खऱ्या टाइलमध्ये एका डिझाइनचे ठरावीकच प्रिंट येतात, धंद्यात त्यांना फेस म्हणतात. चारच फेस असलेल्या टाइलसाठी प्रोग्रामने चाळीस वेगवेगळ्या दाखवल्या तर चित्र सुंदर, पण माल तसा नाही. मला विचाराल तर ती गाठ परत परत दिसलेली परवडली, निदान ती खोटं तरी बोलत नाही.

कडेच्या तुकड्यांचंही तेच. ३७० सेंटीमीटरच्या भिंतीला ६० ची टाइल कोपऱ्यापासून लावत गेलं तर सहा अख्ख्या आणि शेवटी दहा सेंटीमीटरची केविलवाणी पट्टी. अनुभवी माणूस मध्यातून आखणी करतो, पाच अख्ख्या आणि दोन्ही बाजूंना ३५ चे तुकडे, नजरेला बरं. प्रोग्राम चित्राच्या कोपऱ्यातून सुरू होतो आणि ती दहाची पट्टी सोफ्यामागे जाते, त्यामुळे कुणी हटकत नाही. शेवरॉनचं, म्हणजे टोकाला टोक भिडून व्ही आकार होणाऱ्या पॅटर्नचं, तर विचारूच नका, हेरिंगबोनचं चित्र तिरकं ओढून शेवरॉन म्हणून खपवलेलं मी बघितलंय, जेव्हा की शेवरॉनच्या पट्ट्यांची टोकंच तिरपी कापलेली यावी लागतात, चौकोनी टोकाच्या पट्टीतून तो निघत नाही.

यातलं काहीच करायला अवघड नाहीये. जॉइंटची रुंदी, कमीत कमी अंतर, फेसची संख्या, खोलीची लांबी, आखणी कुठून सुरू, एवढे पाच आकडे प्रोग्रामला द्यायचे, बाकी ते मशीन माणसापेक्षा लवकर करतं. मग होत का नाही? कारण चित्र मागणाऱ्याला फक्त देखणं चित्र हवं असतं, तो हे विचारत नाही, आणि न विचारलेल्या गोष्टीवर वेळ घालवायचे पैसे कुणी देत नाही, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो.

तेव्हा आपल्याला एक विनंती. पुरवणीत अशी चित्रं छापाल तेव्हा खाली बारीक अक्षरात जॉइंट किती धरलाय, फेस किती आणि ऑफसेट किती एवढं देणाऱ्याकडून मागून घ्या. ज्याला हे सांगता येत नसेल त्याचं चित्र छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी असतो तर छापलं नसतं.

आपला,
एक वाचक (आणि फरशीची चित्रं काढणारा)