वेल्डिंगच्या गाळ्याला थर्माकोल सुचवू नका

मा. संपादक,
स. न.

मार्च उजाडला की गाळा थंड ठेवण्याच्या युक्त्या छापून येऊ लागतात आणि ‘पत्र्याला आतून थर्माकोल लावा’ ही त्यातली ठरलेली. राहत्या खोलीचे एक वेळ सोडा. पण जिथे ग्राइंडर फिरतो, वेल्डिंग होते, गॅस कटर चालतो, अशा शेडसाठी हा सल्ला छापू नये, यासाठी हे पत्र. नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, म्हणून त्याऐवजी काय करायचे तेही मापांसह लिहितो.

आधी थर्माकोलचेच बघू. दुकानात सहज मिळतो तो पॅकिंगचा, हलका माल. मे महिन्यात भर दुपारी गडद रंगाचा पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापतो आणि थर्माकोल ८०च्या आसपास मऊ पडू लागतो, म्हणजे हातात फारसे अंतर उरतच नाही. पत्र्याकडची बाजू आक्रसते, तुकडे वाकतात, सांधे उघडतात. चिकटवायला सुतारकामाचा पिवळा गोंद वापरला तर त्यातल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळतो. लावल्यावर तासाभरात शीटला खड्डे पडलेले दिसतात. मग कारागीर गोंदाला नावे ठेवतो आणि मालक कारागिराला. पीव्हीसी वायर थर्माकोलला टेकून गेली असेल तर वायरीतला मऊपणा थर्माकोल ओढून घेतो, काही वर्षांत आवरण कडक होऊन तडकते. आणि वेल्डिंगचा शिंतोडा उडाला तर थर्माकोल नुसता जळत नाही, पेटते थेंब खाली गाळतो. ‘एफआर’ (आगरोधक) शिक्का असलेला माल लहानशा ठिणगीला दाद देत नाही हे खरे, पण बाजूला तेलाच्या चिंध्या किंवा रंगाचा डबा पेटला तर तोही जळतो. उंदरांना तर तो फारच आवडतो.

बरे, उष्णता येते कुठून? २० बाय ३० फुटांचा गाळा धरा. उन्हाळ्यात दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडते. या गाळ्याच्या डोक्यावर ५५ किलोवॅटच्या आसपास. तापलेला पत्रा ही उष्णता खाली झळ म्हणून टाकतो, आणि झळ पंख्याने हटत नाही. चार पंखे लावूनही डोके तापलेलेच राहते ते यामुळे. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून पैसे मोजके असतील तर सगळे छपरात घाला. भिंतींत पहिली पश्चिमेची. उत्तरेच्या भिंतीवर खर्च करणारे लोक दिसतात, त्याचा अर्थ लागत नाही.

छपराला वरून पांढरा परावर्तक रंग देणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे, फक्त धूळ बसली की त्याचा गुण उतरतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पत्रा धुवावा लागतो. त्याने झळ कमी होते, पत्र्याला सुटणारा घाम मात्र थांबत नाही.

या घामावरच सगळे काम बिघडते. नाशिककडच्या डिसेंबर-जानेवारीतली निरभ्र रात्र घ्या. शेडमध्ये हवा १८ अंश, आर्द्रता ८० टक्के असेल तर दव साडेचौदा अंशांना धरते. उघड्या आकाशाखालचा पत्रा रात्री हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज थंड होतो. पहाटे खालच्या बाजूने थेंब धरतात, पर्लिनवरून (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांवरून) ओघळतात आणि लेथ यंत्राच्या बेडवर टपकतात. सकाळी बेडवर तांबूस ठिपके दिसले की लोक छप्पर गळते म्हणतात आणि कोरड्या पत्र्यावर वरून डांबर फासतात. यंत्र गार ठेवणारे कूलंट, धुण्याचे पाणी, क्युरिंगला ठेवलेला ओला कोबा, दहा माणसांचा श्वास, सगळ्याची वाफ शेडमध्येच असते. पत्र्याला थेट चिकटवलेल्या कुठल्याही थराच्या सांध्यांतून ही वाफ आत शिरते, पत्र्याला भेटते, पाणी होते आणि तिथेच अडकते. वरून रंगीत दिसणारा पत्रा आतून कुजतो. स्प्रे फोममध्ये हे आणखी अवघड, कारण फोम सोलल्याशिवाय गंज दिसत नाही आणि पत्रा बदलायचा तर फोमसकट फेकावा लागतो.

म्हणून पहिले काम पाण्याचे. दिवाळीनंतर पत्रा कोरडा झाला की होजने पाणी मारून गळती शोधा. सुरुवात वळचणीपासून करा आणि हळूहळू आढ्याकडे जा. वरून सुरू केले तर पाणी कुठल्या स्क्रूतून आले ते कळतच नाही. बहुतेक गळती स्क्रूच्या रबरी वॉशरमधून असते. उन्हाने रबर कडक होते, किंवा बसवतानाच स्क्रू इतका आवळलेला असतो की वॉशर बाहेर फुगून फाटतो. वॉशर किंचित दबावा, चपटा होऊ नये. जुन्या जे-हूकचे (पत्रा धरणाऱ्या वाकड्या बोल्टचे) डांबरी वॉशर सरसकट बदला. आतला गंज तारेच्या ब्रशने काढून झिंक-रिच प्रायमर मारा. छप्पर सिमेंटच्या जुन्या पन्हळी पत्र्याचे असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) धरून चाला. त्याला ड्रिल लावू नका, ब्रशही मारू नका.

आता मूळ काम. वेल्डिंगच्या गाळ्याला ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) किंवा रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), कारण मुळात ते पेटत नाहीत. छपरासाठी एका बाजूला ॲल्युमिनियम फॉइल लावलेला, ५० मिमी जाडीचा, घनमीटरला २४ किलो घनतेचा ग्लासवूल रोल पुरतो. मालावर आयएस ८१८३ हा भारतीय मानक क्रमांक आणि घनता छापलेली आहे का ते बघा; दुकानदार ‘सगळे एकच आहे’ म्हणाला तर मीटरभर तुकडा वजन करून घ्या. १.२ मीटर रुंद, ५० मिमी जाड, मीटरभर लांब तुकडा फॉइल सोडून १४०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा.

आमच्या उदाहरणातल्या गाळ्याचे आढे वळचणीपेक्षा तीन फूट उंच धरले तर प्रत्येक पाखे साडेदहा फुटांचे होते. पट्ट्या आढ्याकडून वळचणीकडे सोडायच्या: पाख्याला ८, दोन्ही मिळून १६, प्रत्येकी ११ फूट. रोल १५ मीटरचा असेल तर एकातून चार पट्ट्या निघतात, म्हणजे चार रोल. कापताना वर सरळ पट्टी दाबून धारदार सुरीने एकाच दमात कापा. करवतीसारखे ओढले की फॉइल फाटते. पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क घालूनच, नाहीतर दोन दिवस अंग खाजेल.

लोकरीची पट्टी पर्लिनच्या खालून धरा, फॉइल तुमच्या तोंडाकडे. खालून एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) वेल्डमेश जाळी, आणि त्यावर प्रत्येक पर्लिनच्या रेषेत २५ बाय ३ मिमीची लोखंडी पट्टी स्क्रूने आवळा. स्क्रू सेल्फ ड्रिलिंग, ५० मिमी लांब, फुटाफुटाला एक. पट्टीखाली लोकर दबते, म्हणून यापेक्षा लांब स्क्रू लागत नाही. एका पाख्याला चार पर्लिन धरले तर लोखंडी पट्टी २४० फूट, वजनाने ४३ किलोच्या आसपास, आणि वाया जाणारे धरून स्क्रू तीनशे. पर्लिनच्या उंचीइतकी पोकळी पत्रा आणि लोकर यांच्यामध्ये आपोआप राहते. हीच पोकळी लाखमोलाची. रात्री पत्र्याला थोडा घाम आलाच तरी दुपारी तिथे वाळतो, मात्र त्यासाठी वळचणीला आणि आढ्याला हवा खेळती हवी. पत्र्याच्या पन्हळींची तोंडे पाव इंची जाळीने बंद करा, म्हणजे हवा जाईल आणि खार व उंदीर अडतील.

फॉइलचे सांधे फॉइल टेपने बंद करणे हे यातले सर्वांत दुर्लक्षित काम. कारागीर म्हणतो, जाळीमागे कुणाला दिसतेय? पण वाफ त्याच फटीतून वर जाते. म्हणून जाळी चढवण्याआधी प्रत्येक सांध्यावर टेप, भिंतीला मिळते तिथेही टेप. सगळे मिळून ८० मीटरच्या आसपास लागते. धूळ पुसल्याशिवाय टेप धरत नाही. (आतमध्ये एसी लावायचा असेल तर उन्हाळ्यात नि पावसाळ्यात वाफेची दिशा उलटी होते. अशा वेळी अख्खी शेड गार करण्यापेक्षा मोजमापाच्या उपकरणांपुरती पफ पॅनेलची (फोम भरलेल्या तावदानांची) स्वतंत्र केबिन बरी.) बुडबुड्यांची फॉइल पत्र्याला चिकटवून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांना एवढेच: चकचकीत बाजूसमोर किमान इंचभर हवा नसेल तर ती बाजू झळ परतवू शकत नाही.

भिंतींना आठ फुटांपर्यंत अस्तर पुरे. ६०० मिमी अंतराने जीआय स्टड (उभे खांब), त्यात घनमीटरला ४८ किलोचे, ५० मिमीचे रॉकवूल स्लॅब आणि वर ८ मिमी सिमेंट फायबर बोर्ड. जिप्सम बोर्ड ऑफिसात छान दिसतो, पण पाण्याने फरशी धुतली जाते तिथे खालून फुगतो. कोकणात तर एका पावसाळ्यात. बोर्ड कुठलाही असो, जमिनीपासून सहा इंच वर थांबवा आणि खालची पट्टी विटेची किंवा काँक्रीटची ठेवा. सिमेंट बोर्ड कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, तेव्हा कापणे उघड्यावर आणि पाणी मारत. पाने-हातोड्यांचे रॅक टांगायचे तिथे बोर्डामागे १२ मिमी प्लायची पट्टी आधीच टाका, नंतर बोर्डात वजन धरत नाही. वेल्डिंग टेबलामागची भिंत मात्र साध्या पत्र्याने मढवा, आणि टेबलाच्या वरच्या फॉइलखालीही ६ मिमी सिमेंट बोर्ड घ्या. लोकर पेटत नसली तरी फॉइलमागचा कागद आणि गोंद पेटतो.

बोर्डांचे सांधे पुट्टीने भरू नका. पत्र्याच्या तापमानात दिवस-रात्रीचा ४० अंशांचा फरक पडला तर ३० फूट लांबीत लोखंड ४ मिमीहून जास्त हलते. पुट्टी पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. ३ मिमी फट ठेवून तिच्यावर ॲल्युमिनियमची पट्टी एकाच बाजूने स्क्रू करा. वायरिंग अस्तराच्या बाहेर, उघड्या कंड्युटमधून (वायरीच्या नळीतून). लोकरीत गुरफटलेली वायर तापते, तिची विद्युतभार सोसण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. शेडच्या सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हे तर हवेच.

हे सगळे केल्यावर शेड घट्ट बंद होते आणि वेल्डिंगचा धूर आतच कोंडतो. छपरावर वाऱ्याने फिरणारे २४ इंची दोन टर्बो व्हेंटिलेटर असतील तर त्यांच्या गळ्याचे क्षेत्रफळ सव्वासहा चौरस फूट होते. तेवढीच मोकळी वाट खालूनही हवी, नाहीतर ते नुसते गरगरतात. झडपेच्या जाळीत निम्मी जागा पट्ट्याच खातात, म्हणून जमिनीपासून दोन फुटांवर दोन बाय एक फुटाच्या सहा-सात झडपा ठेवा. वेल्डिंग टेबलावर वेगळी एक्झॉस्ट लागतेच. टर्बोच्या गळ्याभोवती लोकर उघडी सोडू नका, वाऱ्याने सुटलेले तंतू खाली येतात. तिथे फॉइल दुमडून टेप मारा.

काम बरोबर झाले की नाही हे ऊन सांगणार नाही. जानेवारीत पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन जा आणि फॉइलच्या सांध्यांवरून बोट फिरवा. जिथे ओले लागेल तिथली टेप सुटलेली आहे.

आपला,
एक शेड फॅब्रिकेटर, सातपूर, नाशिक