रविवारी ‘एरोइका’: सभासदांना आठवण

नमस्कार मंडळी,
येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, नेहमीच्याच हॉलमध्ये, बीबीसीने २००३ साली केलेला ‘एरोइका’ हा नाट्यरूप माहितीपट दाखवणार आहोत.

‘एरोइका’ हे जर्मन संगीतकार बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीचं, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या रचनेचं नाव. तिची पहिली तालीम १८०४ मध्ये व्हिएन्नात, प्रिन्स लोबकोविट्झच्या वाड्यात झाली. चित्रपटातली जवळजवळ सगळी गोष्ट त्या एका दिवसाची आहे. संगीतकाराचं अख्खं आयुष्य भराभर उरकण्यापेक्षा ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण इथे सिंफनी पूर्ण ऐकायला मिळते, तीही जुन्या धाटणीच्या वाद्यांवर.

सिंफनीच्या पहिल्या भागातली एक जागा नीट कान देऊन ऐका. व्हायोलिनं अगदी हळू थरथरत असतात आणि हॉर्न (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) मध्येच मूळ धून धरतो. तालमीत बेथोव्हेनचा शिष्य रीस याला वाटलं, वादक चुकला! तसं बोलून गेला आणि गुरूचा मार खाता खाता वाचला. ती जागा बेथोव्हेनने मुद्दाम लिहिली होती.

दुसरा भाग शोकयात्रेचा आहे, त्या वेळी दार उघडू नये. म्हणून दहा मिनिटं आधीच या, मोबाइल बंद ठेवा. वाद्य शिकणाऱ्या मुलांना जरूर आणा. चहा नंतर.