वाडीतल्या एका ताईच्या ऑपरेशनसाठी हातभार लावा

नमस्कार मंडळी, महिला मंडळातर्फे लिहितेय, तिला विचारूनच लिहितेय, नाव तेवढं टाकू नका म्हणाली. ज्यांना कळेल त्यांनी पण ग्रुपवर लिहू नका प्लीज.

आपल्या वाडीतल्या एका ताईचं दुसरं सिझर झालं. पहिलंही सिझरच, त्यामुळे जुन्या टाक्यांपाशी लघवीची पिशवी गर्भपिशवीला चिकटलेली, ती सोडवताना लघवीच्या पिशवीला इजा झाली आणि तेव्हा कुणाच्या लक्षातच आली नाही. टेबलावर दिसली असती तर तिथल्या तिथे शिवून थोडे दिवस नळी ठेवून भागलं असतं असं आता डॉक्टर सांगतात. घरी आल्यावर अंथरूण ओलं व्हायला लागलं, सगळ्यांना वाटलं बाळंतपणात होतं असं, थांबेल. थांबलं नाही. शेवटी लघवीच्या पिशवीत निळं औषध सोडून टेस्ट केली तेव्हा कळलं, पिशवी आणि योनीमार्गाच्या मध्ये भोक पडलंय, दिवसरात्र लघवी गळतेय.

परवा गेले तर दोरीवर बाळाच्या लंगोटांपेक्षा हिच्याच साड्यांचे तुकडे जास्त. बारशाला पण वास येईल म्हणून आत चुलीपाशीच बसून राहिली. आणि गळू नये म्हणून पाणी पीत नाही, अंगावर पाजतेय तरी! अहो पाणी कमी केलं की लघवी उलट जास्त आग करते, कातडी सोलवटते, मी सांगून दमले, तुम्ही पण सांगा.

सूज उतरून जागा भरायला साधारण 3 महिने थांबावं लागतं म्हणून ऑपरेशन पुढच्या महिन्यात, पुण्याला. ते महात्मा फुले योजनेत बसतंय. पण गाडीभाडं, सासूबाईंचं तिथलं राहणं-जेवण, नंतर 2-3 आठवडे नळी राहणार तेवढे दिवस नवऱ्याची मजुरी बुडणार, असे सगळे मिळून 25,000 धरलेत. मंडळाच्या पेटीतून 6,000 दिलेत, बाकीचे जमवायचेत. 50 रुपये दिले तरी वहीत नोंद होईल.

पैसे नसतील तर मोठ्यांचे डायपर, मेणकापड, धुतलेली जुनी मऊ सुती लुगडी द्या. पुण्यात कुणाची खोली असेल तर सांगा. चूक कुणाची यावर आत्ता वाद नको, ते नंतर बघू.

आणि बाळंतपणानंतर अजून कुणाला असं गळत असेल, वर्षं झाली असली तरी, आशाताईंच्या कानावर घाला, इलाज आहे.

वही अंगणवाडीत आहे, रविवारपर्यंत, दुपारी 3 नंतर.