पिवळ्या चिठ्ठीबद्दल, बाई

लायब्ररीतल्या बाई,

हे पत्र मराठीत लिहितेय. इंग्रजीत 'थँक्यू' म्हणून झालं, पण ते इथे दार उघडून धरणाऱ्यालाही म्हणतात. लेक वाचून दाखवेल तुम्हाला.

तिची मैत्रीण गोळीबारात गेली तेव्हा शाळेकडून ईमेल आला, खाली एक लिंक. समुपदेशकाची वेळ मिळाली तीन आठवड्यांनी. आमच्या मंडळींचं तर विचारूच नका. "त्या वस्तीतल्या मुलीशी मैत्री कशाला?" असं माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच हातचा चहा पीत एकीने विचारलं. मी गप्प बसले. ते अजून सलतं.

लेक तुमच्याकडे येऊन नुसती बसायची. तुम्ही तिला एक कादंबरी दिलीत. गोळीबारात मैत्रीण गमावलेल्या मुलीची. मी घरी पाहिली आणि भडकलेच. जखमेवर मीठ कशाला? परत करायला म्हणून उचलली, तर आतून पिवळी चिठ्ठी डोकावली. तुमचं बारीक अक्षर: "इथून चौदा पानं जड आहेत. नको वाटलं तर सोड, गोष्ट तुटत नाही. मी पलीकडे खूण ठेवलीय." आणि खरंच, चौदा पानांनंतर दुसरी चिठ्ठी. तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही, नुसता एक बाण.

म्हणजे तुम्ही ते पुस्तक तिच्या जागी बसून वाचलं होतंत. इतकं कुणी केलं नव्हतं. मीही नाही.

तिने ती पानं सोडली. मे महिन्यात एका रात्री माझ्या खोलीत आली, म्हणाली, "आई, ती पानं वाचायचीत. तू नुसती शेजारी बस." बसले. पंखा फिरत होता, ती पानं उलटत होती.

मग तिनेच मला हदिया पेंडलटनबद्दल सांगितलं. आपल्याच शिकागोची, पंधरा वर्षांची. ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीच्या सोहळ्यात बँडबरोबर जाऊन आली आणि आठवड्याभरात, 29 जानेवारी 2013 ला, बागेत गोळी लागून गेली. तिच्या मैत्रिणींनी तिच्या आठवणीसाठी नारिंगी रंग निवडला, कारण शिकारी तो घालतात, दुसऱ्याने चुकून गोळी झाडू नये म्हणून. जंगलात माणसाला माणूस म्हणून ओळखायची ही सोय शहरातल्या पोरींना वापरावी लागते!

जूनच्या पहिल्या शुक्रवारी लेक माझी नारिंगी ओढणी घेऊन बंदुकीच्या हिंसेविरुद्धच्या मोर्चाला गेली. व्हिडिओवर आजीने विचारलं, "आज काय गं, देवीचं काही आहे का?" लेकीने आजीला सगळं सांगितलं, मैत्रिणीचं नाव घेऊन. ते नाव तिच्या तोंडून मी चार महिन्यांनी ऐकलं.

पुस्तक उशिरा परत केलं, माफ करा. दंड तर तुमच्या लायब्ररीने 2019 मध्येच बंद केलाय म्हणे. दोन्ही चिठ्ठ्या मात्र पुस्तकात नाहीत. त्या मिळणार नाहीत.

तिची आई