भांडण पाण्याचं, नुसतं बंदुकीचं नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला वेस्टर्न सिनेमांवरचा लेख वाचला, छान होता, पण १९५८ चा विल्यम वायलरचा 'द बिग कंट्री' त्यात कुठेच नाही हे काही पटलं नाही बुवा. दोन रँचवाले, म्हणजे गुरं पाळायच्या मोठाल्या कुरणांचे मालक, श्रीमंत मेजर टेरिल आणि रांगडा रूफस हॅनसी, दोघांचं हाडवैर, आणि दोघांच्याही गुरांना पाणी लागतं ते मधल्या बिग मडी नावाच्या रँचवरच्या नदीचं. ती रँच एका शाळेच्या बाईंची, आणि बाई दोघांनाही पाणी देतायत, तरी टेरिलची माणसं हॅनसीची गुरं तिथून हाकलून लावतात! म्हणजे पाण्यापेक्षा खुन्नसच मोठी.

ग्रेगरी पेक आणि चार्लटन हेस्टनची ती पहाटेची मारामारी तर बघाच, कॅमेरा इतका लांब नेलाय की एवढ्या मोठ्या माळरानावर दोन मुंग्या लढतायत असं वाटतं, आणि त्यात धापा टाकल्याचे आवाज. बर्ल आइव्हजला रूफसच्या रोलसाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही, पार्टीत बंदूक घेऊन घुसतो तो सीन मी तीनदा रिवाइंड करून बघितला. सिनेमा पावणेतीन तासांचा आहे, मधे थोडा रेंगाळतो हे खरं, पण जेरोम मोरोसचं टायटल म्युझिक ऐकायला तरी लावा. पुढच्या लेखात याला जागा द्या एवढीच विनंती.

– एक वाचक, डोंबिवली